डागाशेजारचं कुंकू

“जरा उजेडाकडं तोंड कर पोरी, रंग कळू दे,” आत्या म्हणाल्या, आणि डोक्यावरून शालूचा पदर घेऊन मी खिडकीकडे वळले.

सांगलीतल्या कापडदुकानात माझ्या लग्नाचा बस्ता चालला होता. गादीच्या एका बाजूला माझे आई-अप्पा, दुसऱ्या बाजूला माझ्या होणाऱ्या सासूबाई, म्हणजे आत्या, आणि लग्न जुळवणारे दत्तूमामा. मधे शालूंचा ढीग. पंखा होता, पण तो गल्ल्यावरच्या मालकाच्या डोक्यावर. अंगावरच्या साडीवर जरीचा जड शालू गुंडाळलेला, त्यामुळे माझं कपाळ घामानं डबडबलं होतं आणि त्या कपाळावरची टिकली हलतेय, हे मला कळत होतं.

टिकली साधीसुधी नव्हती. मरून रंगाची, जुन्या रुपयाएवढी. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, “हेमे, तोंडाला टिकली लावलीयस का टिकलीला तोंड?” मी हसून वेळ मारून न्यायची. त्या दिवशी हात वर करायला गेले, तर दोन्ही हातांत पदर. टिकली घसरली, नाकाला लागली आणि शालूवर पडली.

“अगं बया,” आत्या हसल्या. “थांब, मी लावते.” त्यांनी टिकली उचलली, माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, आणि त्यांचं हसू तिथल्या तिथे विझलं.

माझ्या दोन भुवयांच्या मधोमध टिकलीच्याच मापाचा डाग होता. गोल आणि पांढराफेक.

दुकानातला नोकर उगाच दुसऱ्या शालूची घडी मोडू लागला. आई तटकन उठली, पर्समधून नवी टिकली काढून तिनं माझ्या कपाळावर दाबली. “भाजलंय तिला. भजी तळताना तेल उडालं.”

“कवा?”

“मागल्या म्हैन्यात.”

“तेल गोल उडालं व्हय?” आत्यांनी हातातली टिकली बघितली, मग मला बघितलं, आणि त्यांचा हात हळूच स्वतःच्या कपाळाकडे गेला. मला वाटलं, पोराचं नशीब फुटलं म्हणून बाई कपाळाला हात लावतेय. तसंच वाटणार. दुसरं काय वाटणार होतं?

“दत्तूभावजी, बस्ता आज ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “माझं डोकं चढलंय.”

शालू गादीवरच राहिला. मागवलेला चहा येण्याआधी त्या जिना उतरून गेल्या होत्या.

आता ही टिकली माझ्या कपाळावर आली कशी, ते सांगितलं पाहिजे. तासगावच्या बाजूला आमच्या गावात अप्पांची पिठाची गिरणी होती. घरात चार पैसे यायचे, पण आईचा जीव स्वस्ताईत. घासाघीस करून एखादी वस्तू आणली की तिला चार दिवस जेवण गोड लागायचं. पौषात सिद्धोबाची जत्रा असते. त्या वर्षी आई जत्रेतून आली ती काखेत भलंमोठं खोकं घेऊन. खोक्यात ‘रत्नमाला’ टिकल्यांची पाकिटं, सगळ्या मापांची. रत्नमाला म्हणजे तेव्हाची नावाजलेली टिकली. पाकिटावर नथ घातलेल्या बाईचं चित्र असायचं, आणि कटलरीच्या दुकानात ते पाकीट मागताना बायका जरा मोठ्यानंच मागायच्या.

“निम्म्याला दिलं गं, निम्म्याला!” आई पदरानं वारा घेत म्हणाली. “गाड्यावर नुसती झुंबड. उद्या पोरीचं ठरलं की सवाष्णींच्या ओटीत घालायला लागतीलच.”

अप्पांनी एक पाकीट उघडून नाकाशी नेलं. “ह्याला पंक्चरच्या दुकानाचा वास मारतोय.”

“तुम्हाला पिठाबिगर कशाचा वास कळतोय?” आई म्हणाली, आणि विषय संपला.

माझं खरंच ठरलं. मुलगा सावळवाडीचा, संपत नाव, वीज मंडळात वायरमन. अक्षय तृतीयेला साखरपुडा झाला. त्यांच्या घराचा स्लॅब पडल्याशिवाय लग्न नको, म्हणून तारीख मार्गशीर्षातली धरली. साखरपुड्याच्या गडबडीत तो हळूच मला म्हणाला होता, “तुमच्या गिरणीची लाईन आमच्याकडंच हाय. लाईट गेली की मला शिव्या देऊ नका.” मी म्हटलं, “आजवर दिल्या तेवढ्या बास झाल्या.” तो मोठ्यानं हसला आणि आत्यांनी वळून आमच्याकडे बघितलं. त्याही हसत होत्या. मला ते घर त्याच वेळी आवडलं. खोटं कशाला बोलू, मुलगाही आवडला.

कपाळाला खाज त्याआधीच सुटली होती. आई म्हणाली, ऊन बाधलंय, चंदन लाव. चंदन लावायचं आणि त्यावर टिकली. आषाढात एका सकाळी तोंड धुताना आरशात बघितलं, तर मसुराएवढा पांढरा ठिपका. आईला दाखवला. तिनं बराच वेळ बघितलं, मग उठून दाराला कडी घातली.

“कुणाला दावू नगंस,” ती म्हणाली. एवढंच. कोड हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही, पण त्या दिवसापासून तो आमच्याबरोबर जेवायला बसू लागला.

डॉक्टरकडे जायचं तर कंपाउंडरचं दळण आमच्याच गिरणीत. संध्याकाळी गावाला कळणार, आठवड्यात सावळवाडीला. मग आईनं उपाय काढला, मोठी टिकली. खोक्यात सगळी मापं होतीच. डाग मसुराएवढा होता तेव्हा मी वाटाण्याएवढी टिकली लावली. डाग वाटाण्याएवढा झाला तेव्हा चिंचोक्याएवढी. दिवाळीपर्यंत आम्ही रुपयावर आलो. झोपतानाही टिकली काढायची सोय नव्हती. एक तर कपाळ मोकळं ठेवू नये हा आईचा जुना नेम, आणि पहाटे दळणाला येणाऱ्या बायकांचा नेम नाही. आई स्वतः मात्र मेणावर पिंजरीचं कुंकू लावायची. तिचं कपाळ स्वच्छ, अप्पांचं स्वच्छ, घरात डाग असा माझ्या एकटीलाच. त्यामुळे हे आपल्या नशिबातूनच आलंय, अशी माझी खात्री झाली होती.

बस्त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दत्तूमामा आले. चहाला नको म्हणाले, तेव्हाच कळलं.

“त्या बाई नको म्हणत्यात,” टोपी मांडीवर ठेवून ते म्हणाले. “तुमच्या घराण्यात असं काय हाय का म्हणून इचारत हुत्या.”

“आमच्या घराण्यात पांढरा हुतो तो मी,” अप्पा म्हणाले. ते गिरणीतून तसेच आले होते, भुवयांवर पीठ. “आन ते बी धुतलं की जातंय.”

“मी काय म्हणतो, बाई वाईट न्हाईत. गावात बोंब करनार न्हाईत, कुनाला सांगनार बी न्हाईत, म्हनल्यात. तवा तुम्ही बी गप ऱ्हावा. मी लांबचं एखादं स्थळ बघतो. झाकून नेलं की झालं.”

“संपत काय म्हणाले?” मी आतून विचारलं. आईनं माझा दंड धरला.

“त्याला अजून सांगितलं न्हाई पोरी. बस्ता लांबलाय एवढंच ठावं हाय त्याला.”

मामा गेले. मी न्हाणीघरात जाऊन तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले. बाहेर आले तर अप्पा गिरणीच्या दाराला कुलूप लावून उभे. भर दळणाच्या वेळेला गिरणी बंद, असं मी पहिल्यांदाच बघत होते. “साडी बदल,” ते म्हणाले. “मिरजेला जायाचं. काय असंल ते नाव तरी कळू दे.”

मिरजेच्या कातडीच्या डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी टिकली काढली, भिंग लावून डाग बघितला, हात बघितले, कोपरं, ओठांच्या कडा.

“आणखी कुठे आहे?”

“नाही.”

“मग एवढा गोल कसा? कंपासनं काढल्यासारखा?” मग त्यांनी ती टिकली उलटी करून नाकाशी नेली. “पाकीट आहे का हिचं?”

आईच्या पर्समध्ये होतंच. बाईंनी बाहेरच्या नावं लिहून घेणाऱ्या मुलीला हाक मारली. तीही रत्नमालाच लावायची. तिचं पाकीट त्यांनी आमच्या पाकिटाशेजारी ठेवलं. एकटं बघताना कधी कळलं नव्हतं. तिच्या पाकिटावरच्या बाईच्या नथीचा मोती न् मोती मोजून घ्यावा असा, आमच्या बाईच्या नाकावर नुसता लाल फराटा. तिच्या पाकिटामागे कारखान्याचा पत्ता, आमच्या पाकिटाची पाठ कोरी.

“नक्कल आहे ही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “चपलांचे तळवे चिकटवतात, तसल्या जातीचा गोंद दिसतोय. त्यातलं एखादं रसायन कातडीचा रंग मारतं. सगळ्यांचा नाही, पण ज्याला बाधलं त्याला बाधलं.”

“म्हणजे कोड न्हाई?” अप्पा खुर्चीतून पुढे झाले.

“नाही. हा डाग टिकलीनं पाडलाय. आणि तुम्ही तो झाकायला वर तीच टिकली लावत होता. मोठी करून.”

मला हसू आलं. खरंच आलं. पाच महिने मी ज्याच्या आड लपत होते, तेच मला खात होतं. आई मात्र खुर्चीत बसल्या बसल्या लहान होत गेली.

“टिकली बंद,” बाई म्हणाल्या. “मलम देते. डागावर दुसरं काही लावायचं नाही, कपाळ मोकळं ठेवायचं. रंग भरेल. वर्षं लागतील. पुरता भरेलच असं मी सांगत नाही.”

परतीच्या एसटीत मी मोकळ्या कपाळानं बसले. लोकांनी बघितलं, मी बघू दिलं. वाऱ्यानं कपाळ गार वाटत होतं. तासगाव यायच्या आधी आई एकदम म्हणाली, “ओटीत.”

“काय?”

“साखरपुड्याला मी समद्या बायकांच्या ओटीत घातलीत गं ती. दोन-दोन पाकिटं. आणि विहीणबाईंना आख्खं बंडल.”

घरी आल्यावर आम्ही तिघं त्या खोक्याभोवती बसलो. उरलेली पाकिटं जाळायची, यावर वाद नव्हता. वाद दिलेल्या पाकिटांवर होता.

“जाऊन परत आणायची,” अप्पा म्हणाले.

“काय सांगून? का आणतोय ते सांगावं लागंल की!” आई म्हणाली. “आज चार माणसांना ठावं हाय. मग हेमीचा डाग चाळीस घरांत जाईल. डॉक्टरीण म्हणू दे काय बी, लोक कोडच म्हणणार. दत्तूभावजी दुसरं स्थळ बघतायत. पोरगी घरात बसवायची हाय का तुम्हाला?”

अप्पांनी हातातलं पाकीट खोक्यात टाकलं. आईचं चूक होतं, असंही मला वाटत नव्हतं. तिला माझं लग्न वाचवायचं होतं. पण तेवढ्यात मला बस्त्यातला तो हात आठवला, माझी हनुवटी धरून वर करणारा, आणि नंतर सुटलेला.

“मी जाते,” मी म्हटलं. “आधी सावळवाडीला.”

मला त्या बायकांची कणव आली होती, असं कुणी समजू नये. मला राग आला होता. त्या बाईच्या पुढ्यात दोन्ही पाकिटं आपटावीत आणि सांगावं, की बघा, आमच्या घराण्यातलं काही नाही हे. झाकून न्यायला मी काही फुटकं मडकं नाही. एवढंच डोक्यात होतं. आई म्हणाली, “मी दिलीत, तर मी बी येते.” रात्रभर तिनं कूस बदलली, पण सकाळी माझ्याआधी तयार होती.

आत्या परसात शेंगा तोडत बसल्या होत्या. एकट्याच होत्या. आम्हाला बघून उठल्या, पाणी दिलं, आत सतरंजी टाकली, पण ‘विहीणबाई’ म्हणाल्या नाहीत. माझ्या उघड्या कपाळाकडे बघून म्हणाल्या, “झाकून तरी यायचंस.”

“त्याच्यासाठीच आलोय, आत्या.”

मी सगळं सांगितलं. जत्रेतलं खोकं, खाज, मोठी होत गेलेली टिकली, मिरज. वाटेत घेतलेलं खरं पाकीट आणि आमचं पाकीट शेजारी शेजारी ठेवलं. आपटलं नाही, ते घरातून निघताना ठरवलेलं वाटेतच कुठेतरी गळून गेलं होतं. आत्यांनी एकाही पाकिटाला हात लावला नाही. म्हणाल्या, “म्हंजी हे लागत न्हाई?”

“काय लागत नाही?”

“एकाचं दुसऱ्याला. शिवून. हात लावून.”

“नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे तर नाहीच, पण खरं कोड असतं तरी ते शिवून लागत नाही.”

आत्या उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आमच्यासमोर येऊन बसल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की साखरपुड्याला त्यांच्या कपाळावर बारीक कुंकू होतं आणि आता चांगली चिंचोक्याएवढी टिकली आहे. त्यांनी नखानं तिची कड उचलली आणि टिकली ओढून काढली.

खाली वाटाण्याएवढा डाग होता. गोल, पांढरा, माझ्यासारखाच.

“जन्मभर मी मेण-कुंकू लावलं,” आत्या म्हणाल्या. “ही असली चिकटायची टिकली आयुष्यात पहिल्यांदा लावली. सुनेच्या माहेरची म्हणून. लेक न्हाई मला, हौस वाटली. दसऱ्याच्या टायमाला हे दिसलं. कुणाला बोलले न्हाई, धन्याला बी न्हाई. मग बस्त्यात तुझं बघितलं आणि म्हटलं, ह्याच बोटानं मी हिला कुंकू लावलं, हिचंच मला लागलं. आता संपतला लागंल, त्याच्या पोरांना लागंल. म्हणून मोडलं मी. तुझा राग न्हवता गं. भ्या वाटलं.”

आई ढसाढसा रडू लागली. “मी दिलं हो. माझ्या हातानं दिलं, हौसेनं दिलं. निम्म्यात मिळालं म्हणून…”

“गप बसा विहीणबाई,” आत्या म्हणाल्या. “तुम्ही निम्म्यात घेतलं, मी तर फुकटात घेतलं.”

विहीणबाई हा शब्द आईनं ऐकला आणि ती आणखीनच रडली. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. एकाच टिकलीनं फसवलेल्या आम्ही दोघी, आणि दोघींनीही तिच्याच आड तोंड लपवलेलं. मी पुढे सरकून आत्यांचा हात धरला. तो हात या वेळी सुटला नाही.

“आमच्या गावच्या किती बायका हुत्या साखरपुड्याला?” आत्यांनी स्वतःलाच विचारलं, आणि खुंटीची कापडी पिशवी घेऊन त्या दाराकडे निघाल्या.

“विहीणबाई, कपाळ…” आई दचकून म्हणाली. नवरा जिवंत असलेली बाई मोकळ्या कपाळानं उंबरा ओलांडतेय, हे आईला बघवेना.

“ह्याच्यावर काय लावू आता? आणि झाकून गेले तर कोण इश्वास ठेवंल?”

भर दुपारची गल्ली. पुढे आत्या, मागे मी, दोघींची कपाळं उघडी, आणि त्यांच्या मागे डोळे पुशीत माझी आई. पहिल्याच ओट्यावर बसलेल्या म्हातारीनं आत्यांना बघितलं आणि छातीवर हात मारला. “अगं अनुसये! काय झालं गं? दादा बरं हाईत न्हवं?”

“कुंकवाचा धनी रानात पाणी पाजतोय, म्हातारे, चांगला धडधाकट हाय,” आत्या म्हणाल्या. “मी टिकलीचा धनी हुडकायला निघालेय. तुझ्या सुनेला बाहीर बोलीव.”

काही बायकांनी मुकाट्यानं पाकिटं आणून दिली. काही वाद घालत होत्या. रत्नमालाची हाय, चांगली हाय, आम्हाला तर काय न्हाई झालं. आत्या वाद घालत नव्हत्या. कपाळ पुढे करायच्या आणि म्हणायच्या, “हे बघ, आणि मग खुशाल लाव.” एका घरी नवी सून बाहेर आली, तिच्या टिकलीच्या कडेनं लालसर पुरळ होतं. “खाजतंय, पण सासूबाई म्हणत्यात ऊन हाय,” ती म्हणाली. आईनं स्वतः पुढे होऊन तिची टिकली काढली. मला तेव्हा वाटलं, आलो ते बरं केलं.

सगळी पाकिटं काही मिळाली नाहीत. मिळणारच नव्हती. ओटीत आलेली वस्तू एका घरात थांबते थोडीच? या ओटीतला खण त्या ओटीत जातो, तशी पाकिटंही पुढे गेली होती. कुणी नणंदेला दिली, कुणी डोहाळजेवणात घातली, कुणी शाळेतल्या पोरीला. सगळ्यांनी प्रेमानंच दिली. ज्यानं ती बनवली, त्याला हे माल वाटणारे फुकटात मिळाले होते.

परतताना वाटेत संपत भेटला. सायकलला दोराचं वेटोळं अडकवलेलं. त्यानं आधी आपल्या आईचं कपाळ बघितलं, मग माझं, आणि सायकल भिंतीला टेकवली. आत्यांनी उभ्या उभ्या चार वाक्यांत सगळं सांगितलं, लग्न मोडलं होतं तेही.

“मला न सांगता?” तो म्हणाला.

“चुकलं. आता बेस्तरवारी बस्त्याला जाऊ.”

“मला कुणी विचारलं नाही,” मी म्हटलं. आई माझ्याकडे डोळे वटारून बघू लागली, पण मी थांबले नाही. “मोडतानाही विचारलं नाही, जोडतानाही विचारत नाही.”

आत्या माझ्याकडे वळल्या. “खरं हाय,” त्या म्हणाल्या. “इचारते. येशील?”

मी पदर नीट करू लागले. संपत खाली बघत सायकलची घंटी उगाच फिरवत होता. आम्ही चौघंही आत्यांच्या घरी आलो.

निघायची वेळ झाली तशी आत्यांनी सवयीनं कुंकवाचा करंडा आणला. सवाष्ण असो की लेकीबाळी, घरातून निघताना कुंकू लावल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही. आईला लावलं. मग करंड्यात बोट बुडवून त्या माझ्यासमोर आल्या आणि बोट हवेतच थांबलं. डागावर लावायचं नव्हतं. न लावता पाठवायचं नव्हतं. शेवटी त्यांनी बोट जरा सरकवलं आणि डागाशेजारी, डाव्या भुवईच्या वर, हलकेच टेकवलं. डाग झाकला नाही. तो होता तिथे राहिला, आणि कुंकू त्याच्या शेजारी.

मग त्यांनी करंडा माझ्यापुढे धरला. निघणारीनं घरच्या बाईला उलटं कुंकू लावायचं, हीही रीतच. आत्या वाट बघत होत्या, संपत दारात वाट बघत होता. मी बोट बुडवलं आणि त्यांच्या डागाशेजारी, डाव्या बाजूलाच, कुंकू लावलं. पुन्हा कुणी मला विचारलं नाही.

बस्ता झाला. तोच शालू मिळाला. पुढच्या पौषात अप्पा जत्रेत तो गाडा हुडकत फिरले. सापडला नाही. त्याच्या जागी दुसरा एकजण नामांकित कंपनीचे बॅटरीचे सेल विकत होता, निम्म्याला, आणि भोवती झुंबड होती.

माझा डाग चार-पाच वर्षांत भरून आला, आता कुठे होता ते मलाही आरशात शोधावं लागतं. आत्यांचा शेवटपर्यंत भरला नाही. त्यांनी तो कधी झाकलाही नाही. कुंकू डाव्या बाजूला लावून त्या लग्नकार्यात मिरवल्या, आणि त्यांना एकटं वाटू नये म्हणून मीही माझं कुंकू मधे आणलं नाही. त्या गेल्या, तरी आणलं नाही.

गेल्या वैशाखात माझ्या मुलाचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजा, माझी सून, चहा घेऊन आली. बघते तर तिची टिकली डावीकडे सरकलेली.

“हे काय गं?”

“आपल्यात अशीच लावतात ना, आई? तुमची अशी, फोटोतल्या आजींची अशी.”

मला इतकं हसू आलं, की कप खाली ठेवावा लागला. हसता हसता डोळे भरून आले. तिला शेजारी बसवून मी हे सगळं सांगितलं, जसं आता तुम्हाला सांगतेय. ऐकून झाल्यावर ती उठली आणि आपलं पाकीट घेऊन आली. मोबाइलवरून मागवलेलं. चकचकीत, मोती न् मोती नीट छापलेला, पाठीवर पत्तासुद्धा. आताचे लोक शिकलेत. मी एक टिकली उलटी करून नाकाशी नेली.

वास पंक्चरच्या दुकानाचा होता.

नखानं मी तिची टिकली काढली, खालची कातडी नीट बघितली आणि आत्यांचा करंडा आणला.

“कुठे लावू?” बोट बुडवून मी विचारलं.

ती फोटोकडे बघून म्हणाली, “आजींसारखं.”

“नको गं बाई,” मी म्हटलं. “तुझं अजून मधोमध लावण्यासारखं आहे.” आणि तिच्या कोऱ्या कपाळाच्या अगदी मधोमध कुंकू टेकवलं.